राजूरहून आलेला कोंबडा

नागोराव राजूरच्या खाणीवर वॅगनमध्ये कोळसा भरायच्या कामाला होता. खाणीसमोरच्या सडकेवर गुलाबसिंगचा ढाबा होता. तिथे सळईत ओवलेले अख्खे कोंबडे निखाऱ्यांवर फिरत, आणि ट्रकवाले ते बांधून नेत. नागोराव तीन वर्षं जाता-येता थांबून नुसता बघत असे. थोरली जया सातवीच्या परीक्षेत तालुक्यात पहिली आल्याचं कळलं, तेव्हा त्याने ठरवलं, पोरीला हा कोंबडा खाऊ घालायचा.

शनिवारी दुपारच्या मोटारीने तो गावाकडे निघाला. मांडीवर पळसाच्या पानांत आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं होतं. त्याच्या वासाने कंडक्टरने त्याचं तिकीट तीनदा तपासलं.

घरी बायकोने, कांताबाईने, पुडकं परातीत सोडलं आणि सगळे वाकून बघू लागले. या घरात कोंबडा म्हणजे रश्श्यातल्या फोडी. हा मात्र लालबुंद, तुकतुकीत, पाय पोटाशी घेऊन निवांत बसलेला. म्हाताऱ्या मथुराबाईने तर पाहुणा आल्यासारखा डोक्यावर पदर घेतला.

"याले कापलाच नाही का रे?" तिने हळूच विचारलं.

"अख्खाच भाजतेत, माय. निऱ्या कोळशावर."

शेजारचा उकंडा विडीला विस्तव मागायला आला होता. त्याने परातीत पाहिलं, विडी कानावर ठेवली आणि खाली बसला. त्याची बायको त्याला शोधत आली, तीही बसली. मग मानीबाई आली, धर्मपाल मास्तर आले. पाऊण तासात ओसरीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. नागोराव प्रत्येकाला सळई कशी फिरते, मसाला कसा चोपडतात, ते पहिल्यापासून सांगत होता. उकंडाही वीस वर्षं कोळसा उपसत होता. 

"आपून इतका कोळसा काढला," तो म्हणाला, "पण त्याच्यात हे असते, हे मालूम नोतं."

दारी आलेल्याला उपाशी धाडायची या घराची रीत नव्हती. कांताबाईने माणसं मोजली, कोंबड्याकडे पाहिलं आणि चुलीवर रश्श्याच्या पाण्याचं मोठं गंज चढवलं.

नागोराव कासावीस झाला. यात पाणी टाकत नाहीत, याची चवच कोरडी असते, असं तो तिला समजावू लागला.

"मंग इतके माणसं तुमीच घराबाहेर काढा," कांताबाई म्हणाली.

ते त्याच्याने होईना. शेवटी जयासाठी एक तंगडी कोरडी ठेवायची, एवढ्यावर तडजोड झाली. बाकीचा कोंबडा मोडून तिखटाच्या रश्श्यात गेला.

पंगत बसली. जयाने तंगडीचा पहिला घास तोडला, तसे सगळ्यांचे हात थांबले. ती सावकाश चावत होती. तिचे डोळे मोठे झाले.

"बा, तुमी रोज खाता का हे?"

"नाही व." नागोराव ओशाळला. "म्या तं नुसता पाह्यला."

ओसरीवर कुणी हसलं नाही. जयाने उरलेली तंगडी बापाच्या ताटात ठेवली. त्याने डोळे मिटून घास घेतला. धुराचा, मिठाचा, विस्तवाचा तो वास तीन वर्षांनी जिभेवर उतरला. पंगत श्वास रोखून त्याच्या तोंडाकडे बघत होती.

नागोरावाने घास गिळला. मग कांताबाईकडे ताट सरकवून तो हळूच म्हणाला, "यावर जरासा रस्सा वाढ."