दुसरी पसंती

मतपत्रिकेवर वडिलांचं नाव तसंच राहिलंय हे तनयाच्या लक्षात आलं, तेव्हा दिल्लीच्या मयूर विहारमधल्या त्यांच्या सोसायटीत सचिवपदाचं मतदान सुरू झालं होतं. भालचंद्र सबनीस होळीच्या आधी गेले. पत्रिका मात्र गेल्या वर्षीच्या प्रतीवरून काढून आणलेल्या. खाली फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या क्षिप्राचं नाव वाढवलेलं.

नाव पेनाने खोडावं, असं कुणीतरी सुचवलं. ते जमणार नव्हतं. भालचंद्र राज्यसभेच्या सचिवालयातून निवृत्त झालेले, आणि सोसायटीची निवडणूकही त्यांनी राज्यसभेच्याच पद्धतीवर बसवली होती. नावांपुढे एक, दोन अशी पसंती लिहायची. सर्वांत कमी 'एक' मिळवणारा बाहेर, आणि त्याची मतं दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराला. आकड्यांखेरीज एक रेघ जरी दिसली, तरी पत्रिका बाद. तेव्हा नाव राहिलं.

अण्णासाहेब सकाळपासून इस्त्रीचा कुर्ता घालून बसले होते. दरवर्षी ते भालचंद्रांविरुद्ध उभे राहत, दरवर्षी पडत, आणि मग वर्षभर पाण्याच्या टाकीवरून त्यांच्याशी भांडत. आता वय ऐंशीकडे झुकलेलं. या वेळी नाही तर कधीच नाही, हे त्यांनी भेटेल त्याला सांगितलं होतं.

मोजणी तनयाकडे आली. वडिलांशेजारी बसून ती शिकलेली एकटीच. सोसायटीच्या ऑफिसातल्या टीव्हीवर राज्यसभेचेच निकाल चालू होते. कुणाच्या तरी तक्रारीमुळे तिकडची मोजणी थांबली होती. इकडे कुणी खुर्चीही सरकवत नव्हतं.

अण्णासाहेबांचा आणि क्षिप्राचा ढीग सारखा भरला. उरली एक पत्रिका. तिच्यावर वडिलांच्या नावापुढे 'एक' होता.

सगळ्यांनी तनयाच्या आईकडे, पद्मजाबाईंकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय?" त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं हे सगळं ऐकल्यावर मी मत वाया घालवीन? मी अण्णासाहेबांना दिलंय."

"दुसरी पसंती बघ ना, तनया," क्षिप्रा म्हणाली.

तनयाने पत्रिका उजेडात धरली. "दुसरी लिहिलेलीच नाही."

अण्णासाहेबांनी चष्मा काढला आणि कुर्त्याच्या टोकाने पुसत राहिले.

"माझी आहे ती," ते म्हणाले.

"अण्णाकाका, स्वतःला दिलं असतंत तर निवडून आलाच होतात," तनया म्हणाली.

"उभा मी दरवर्षी राहतो. मत त्यालाच देतो. कामं काय मी करणार होतो? आज पण हात तिकडेच गेला. आणि दोन लिहायची कधी वेळच नाही आली, यार. तो पहिल्याच फेरीत यायचा."

आता पुढे काय, असं क्षिप्राने विचारलं. तनयाला नियम पाठ होता, तरी तिने तो काढून दोनदा वाचला. बरोबरी झाल्यास फेरमतदानापर्यंत आधीचाच सचिव कायम. नियम वडिलांनीच घातला होता. मग तिने फळा पुसला आणि निकाल लिहिला: सचिव, भालचंद्र सबनीस. अक्षर नीट येण्यासाठी तिला खडू बदलावा लागला.

अण्णासाहेबांनी चष्मा लावून फळा वाचला.

"बघा वहिनी," ते म्हणाले, "पुन्हा पाडलं मला."