ऐंशी लिटर समुद्र

ड्रम : १.०२५

रविवारी दुपारी एक वाजता रविंद्र मागच्या गॅलरीत गेला आणि त्यानं निळ्या ड्रमचं झाकण उचललं. ड्रममध्ये समुद्र नव्हता.

सकाळी सातला होता. ऐंशी लिटर. त्यानं स्वतः हायड्रोमीटर बुडवून पाहिला होता आणि झाकणावर खडूनं आकडा लिहिला होता, १.०२५. खऱ्या समुद्राच्या घनतेचा आकडा हाच. तो झाकणावर अजून तसाच होता. तळाशी फक्त एक प्लॅस्टिकचा मग आडवा पडला होता.

त्यानं झाकण ठेवलं. पुन्हा उचललं.

आत तोच मग.

रविंद्र खापरखेड्याच्या वीज केंद्रात केमिस्ट होता. सव्वीस वर्षं एकच काम, बॉयलरला जाणाऱ्या पाण्यातलं मीठ काढणं. त्यामुळे बायकोच्या माशांसाठी मुंबईहून मिठाची पिशवी आली, की तिच्यावरची किंमत वाचून तो खुर्चीत बसायचा. पाण्यात घालायचं मीठ, आणि भाव केशराचा!

“आयुष्यभर मीठ काढून राहिलो मी पाण्यातून,” तो म्हणाला होता. “घालता नाई येणार काय?”

“परवाच्या वरणात घातलं होतं तुम्ही,” चारुशीला म्हणाली. “अजून तहान लागून राहिली मले.”

तरी त्यानं घातलं. किराणा दुकानातून खडे मीठ आणलं, रसायनवाल्याकडून मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइड, मेडिकलमधून एप्सम सॉल्ट आणि स्वयंपाकघरातून खायचा सोडा. पहिल्या खेपेला उत्साहात सगळं एकदम ओतलं. पाणी तापलं, फसफसलं आणि पांढरंशुभ्र झालं.

दादाजी, म्हणजे त्याचे वडील, वय अठ्ठ्याहत्तर, ड्रममध्ये डोकावून म्हणाले, “ताक मस्त जमलं गा. जिरं टाक.”

दुसऱ्या खेपेला त्यानं एकेक करून विरघळवलं, रात्रभर छोटा पंप फिरवला, आणि सकाळी ड्रममध्ये काचेसारखा समुद्र! तो इतका खूश झाला, की टाकीतलं जुनं पाणी त्यानं सगळंच्या सगळं मोरीत सोडलं. “निम्मं तरी ठेवा,” असं चारुशीला म्हणत होती. “मी केमिस्ट आहो,” असं तो म्हणत होता. टाकी घासून वाळायला गच्चीवर ठेवली. मासे चार लिटर जुन्या पाण्यासकट पापडाच्या डब्यात.

मासे दोनच. नारंगी, अंगावर पांढरे पट्टे. मोठी मादी ती बाईसाहेब, आणि तिच्या मागे मागे फिरणारा बारका नर तो शिपाई. चार वर्षं ते चारुशीलाच्या बोटांतून खात होते.

“माह्या माशाइले काई झालं ना,” ती सकाळी म्हणाली होती, “तं पाहजा मंग.”

मंग काय, ते तिनं सांगितलं नव्हतं. भीती त्याचीच होती.

डबा : १.०२५, पण ३३ अंश

शिपाई वर येऊन तोंड उघडझाप करत होता.

कूलर : माहीत नाही

“दादाजी, ड्रममधलं पाणी?”

“कूलरमधी टाकलं.”

“सगळं?”

“मंग? टँकर आला नाई. कूलर कोरडा ठणठणीत. अर्धी अर्धी बादली करून अठरा खेपा केल्या मी, या वयात! तुले आवाज तरी आला काय?”

खरं तर दादाजींचं काहीच चुकलं नव्हतं. मे महिन्यात नागपूरच्या बेशात भरलेला ड्रम दिसला की तो कूलरचा. हे कोणी कोणाला शिकवत नाही.

तो हॉलमध्ये धावला. कूलर पूर्ण वेगात घोंघावत होता आणि त्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून शेजारचे मधुसूदन बसले होते. त्यांच्या कूलरची मोटर चार दिवसांपूर्वी जळाली होती. तेव्हापासून ते अकराला यायचे आणि ऊन उतरल्यावर जायचे. त्यांना ब्लडप्रेशर होतं. डॉक्टरनं तीन महिन्यांपासून मीठ बंद केलं होतं.

मधुसूदनांनी मान वळवली. सकाळी काळी केलेली मिशी पांढरी झाली होती. भुवयाही.

“रविंद्रभाऊ,” ते हळूच म्हणाले, “मले तोंड खारट लागून राहिलं.”

“ऊन... ऊन फार आहे.”

“तसं नाई गा. ओठ चाटला की खारट. हात चाटला तरी खारट.”

“हात काहून चाटता?”

“खात्री कराले!”

आवाज ऐकून चारुशीला पोळ्या सोडून आली. तिनं मधुसूदनांच्या मिशीकडे पाहिलं आणि कपाटातून ब्लडप्रेशरचं मशीन काढलं. पट्टा फुगला. वरचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर.

मधुसूदनांचा चेहराही पांढरा झाला. आता सगळंच जुळलं. “मीठ तं मी तीन महिन्यांपासून पाह्यलं नाई वं वहिनी! हे आतून येऊन राहिलं!”

“बाहेरून,” रविंद्र म्हणाला.

“काय?”

“काई नाई.”

पांढरं काय काय होतं

टीव्हीचा पडदा. सोफा, जो काळा होता. दादाजींच्या चष्म्याची कूलरकडची काच. लग्नातला फोटो, त्यात रविंद्र नीट दिसत होता, चारुशीला धुक्यात. रिमोट. रिमोटवर बसलेली माशी.

चारुशीलानं टीव्हीवर बोट ओढलं. जिभेला लावलं. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. या पाहण्यात सव्वीस वर्षांची नोकरी, एक ड्रम आणि दोन मासे एकदम आले.

“समुद्र तयार आहे म्हणाले होते ना तुम्ही?”

“आहे.”

“कुठं?”

रविंद्रनं कूलरकडे बोट दाखवलं.

मधुसूदनांनी खुर्चीसकट उडी मारली. “मंजे मी दोन घंटे समुद्र पिऊन राहिलो?”

“मी वाहिला,” दादाजी अभिमानानं म्हणाले.

कूलर : १.०३२

पाणी वाऱ्यावर उडून गेलं होतं, मीठ बरंचसं मागे राहिलं होतं. समुद्र आटला की असा दाट होतो. पण हिशेब सोपा होता, गोडं पाणी मिसळायचं. रविंद्रनं फिल्टरच्या पाण्यानं भरलेला माठ उचलून कूलरमध्ये पालथा केला. १.०२६. त्याचा जीव भांड्यात पडला.

“आता टाकी आणा खाली!”

गच्चीवरून टाकी आणताना चारुशीलानं पदर दुमडून हातात धरला होता, इतकी काच तापली होती. ते रविंद्रला दिसलं. त्याचा अर्थ मात्र त्याला लागला नाही. उष्णता या विषयावर पगार घेणाऱ्या माणसानं कूलरमधली पहिली गार बादली त्या काचेत ओतली.

टण्.

एवढाच आवाज. रेघ एका कोपऱ्यातून निघाली, विचार केल्यासारखी मध्ये थांबली आणि समोरच्या कोपऱ्यात पोचली. पाणी फरशीवर आलं. दादाजींनी पाय वर घेतले.

डबा : मोजलं नाही

शिपाई आडवा झाला होता. बाईसाहेब त्याला डोक्यानं ढकलत होत्या.

चारुशीलानं डबा उचलला.

“जाळी काढा,” ती म्हणाली.

“कशाची?”

“कूलरची! तुमचा समुद्र तिथं आहे ना? मंग मासे कुठं टाकू, वरणात?”

पंखा बंद झाला. बाजूची जाळी निघाली. पंपाच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधला गेला. डबा पाण्यात थोडा वेळ तरंगत ठेवला आणि मग कलता केला. बाईसाहेब आधी गेल्या. शिपाई पडला तसाच पडून राहिला, तळाकडे जाऊ लागला. पंपातून वर चढलेलं पाणी बाकीच्या जाळ्यांतल्या गवतातून पुन्हा धारांनी खाली पडत होतं. त्यातली एक धार त्याच्या अंगावर आली. त्यानं शेपूट हलवलं. एकदा. पुन्हा एकदा.

चारुशीला फरशीवर बसली. साडी भिजली होती, कोणाला पर्वा नव्हती.

“पंखा बंद तं पाणी तापंल,” रविंद्र हळू आवाजात म्हणाला. “चालू तं गार राहील. पण मंग घरभर...”

तिनं मधुसूदनांकडे पाहिलं. “भाऊजी, तुम्ही घरी जा.”

“घरी शेहेचाळीस आहे वं वहिनी.”

“इथं मीठ आहे.”

मधुसूदन क्षणभर घुटमळले. मग खांद्यावरचा दुपट्टा त्यांनी डोक्यापासून नाकापर्यंत गुंडाळला, उन्हात गाडीवर निघताना गुंडाळतात तसा, नुसते डोळे बाहेर. खुर्ची तीन फूट मागे घेतली आणि बसले.

“लावा.”

आठ दिवसांनी

नवी टाकी आली. सोबत मुंबईच्या मिठाची पिशवी, जिची किंमत रविंद्रनं न वाचताच पैसे दिले. आठ दिवसांत दरवाज्याचे कडीकोयंडे गंजले होते आणि मधुसूदनांचं ब्लडप्रेशर एकशे चाळीसवर आलं होतं. याचं कारण डॉक्टरलाही सांगता आलं नाही.

रविंद्रनं बाही वर केली आणि मासे काढायला कूलरमध्ये हात घातला.

“आई गं!”

“काय झालं?”

“चावली! बाईसाहेब चावली मले!”

बोटावर खरंच लाल ठिपका होता. चारुशीलानं मोबाइलचा टॉर्च लावला आणि आत डोकं घातलं. बराच वेळ ती बाहेर आली नाही. आली ती कुजबुजतच.

“अहो. अंडी आहेत.”

पंपामागच्या भिंतीवर नारंगी दाण्यांचा रुपयाएवढा ठिपका चिकटला होता. शिपाई त्याला पंखांनी वारा घालत होता. चार वर्षं काचेच्या टाकीत, केशराच्या भावाच्या मिठात, हे कधी झालं नव्हतं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा रविंद्रच्या हातून काहीतरी उगवलं होतं. तो बोट धरून उभा राहिला. मग खुर्चीत बसला, मिठाच्या पिशवीवरची किंमत वाचल्यासारखा.

“टाकी राहू द्या बाजूले,” चारुशीला म्हणाली. “कोणी हात लावायचा नाई.”

एवढ्यात खट्ट आवाज झाला आणि पंखा थांबला. दादाजी बटणावर बोट ठेवून उभे होते.

“दादाजी! पाणी तापंल!”

“बाळंतिणीले वारा लागू द्याचा नसते,” दादाजी म्हणाले. “तुही माय असती तं तिनं तुले फोडला असता आतापावतो.”

“अहो, पण तो मासा आहे!”

“मंग काय झालं? बाळंतीण ते बाळंतीण.”

रविंद्रनं बाष्पीभवन समजावून सांगितलं. दादाजींनी बोट काढलं नाही. शेवटी चारुशीलानंच कूलरला दोन्ही हातांनी धरलं, चाकांवर अलगद गोल फिरवलं आणि त्याचं तोंड उघड्या दारातून गॅलरीकडे केलं. पाणी गार राहील, आणि सगळा वारा घराबाहेर. दादाजींना ते पटलं. त्यांनी बटण दाबलं.

हॉलमध्ये हवा हलेना. घामानं तिघांचे कपडे पाठीला चिकटले. आवाज नको म्हणून टीव्ही बंद, बोलणं कुजबुजत.

बाहेरून खुर्ची ओढत नेल्याचा आवाज आला. मग गॅलरीतून मधुसूदनांचा, दुपट्ट्याआडून.

“वहिनी, जरासा डावीकडं फिरवता काय?”