राष्ट्रपतींचा डिचोलीतला माणूस

डिचोलीच्या बाजारातून आमच्या वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीवर, येताना वहाळावर एक साकव लागतो. लांबी पंधरा पावलं. रुंदी एका बैलगाडीची, आणि गाडीवान अंग चोरून चालला तर त्याचीही. वाड्यावर नवा माणूस आला की सगुणभाऊ त्याला या साकवाच्या बरोबर मध्यावर गाठत, कठड्यावर थाप मारत आणि सांगत, "हो साकव आमी दोघांनी मिळान बांदलो. मी आनी भारताचे राष्ट्रपती."

शाळेत मास्तर म्हणून मी इथे रुजू झालो तेव्हा डोक्यावर ट्रंक असतानाच मला हे ऐकावं लागलं. मी ट्रंक खाली ठेवली. न ठेवून चाललं नसतं, कारण पुढे साकवात कोणत्या ठिकाणी किती सिमेंट गेलं आणि राष्ट्रपतींनी त्यात कोणत्या अटी घातल्या, हेही सांगायचं होतं.

पण सगुणभाऊंना वेड लागलेलं नव्हतं. ते बांधकाम खात्याच्या कचेरीत हेडक्लार्क होते. गोवा तेव्हा केंद्रशासित, म्हणजे थेट दिल्लीच्या अंमलाखाली. त्यामुळे सरकारी कामाचं कंत्राट कायद्याने खुद्द राष्ट्रपतींच्या नावाने व्हायचं. एका बाजूला भारताचे राष्ट्रपती, दुसऱ्या बाजूला पाळी गावचा कोणी बाबुसो कंत्राटदार, आणि मध्ये टायपरायटरवर सगुणभाऊ. गटारावरची लादी राष्ट्रपतींच्या नावाने बसायची. शाळेच्या संडासाची कडी मोडली तरी ती राष्ट्रपतीच बदलून घ्यायचे. खाली साक्षीदार म्हणून सगुणभाऊंची सही. राष्ट्रपतींच्या वतीने सही इंजिनिअर ठोकत असे, पण हा तपशील सगुणभाऊंना फारसा महत्त्वाचा वाटत नसे.

त्यांच्या तोंडी राष्ट्रपती म्हणजे "आमचो साहेब". बांगडे महाग झाले की ते म्हणत, "साहेबाच्या कानार घालूक होया." बस उशिरा आली, तरी साहेबाच्या कानावर. माझ्या वर्गातल्या एका पोराचा पाढा चुकला, तेव्हाही साहेबाच्या कानावर. त्या कानाचं काय होत असेल या विचाराने मला त्याची कीव यायची. घरात ओसरीवर साहेबांचा फोटो होता. राष्ट्रपती बदलले की फोटो बदलायचा, आणि निवृत्त झालेले साहेब स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्याच्या वरच्या खिळ्यावर जायचे. पेन्शन म्हणून त्यांना फोडणीचा वास मिळायचा.

राजकीय पक्षांशी मात्र त्यांचं अजिबात पटत नसे. "साहेब खुर्चेर बसलो काय पक्ष सोडता. मगे तुमी माझ्या ओसरेर पक्ष घेवन कित्याक येतास?" असं त्यांचं म्हणणं. सगळ्या पक्षांचे लोक अर्ज लिहून घ्यायला त्यांच्याकडेच यायचे, कारण सरकारला समजेल असा अर्ज आख्ख्या तालुक्यात तेच लिहू शकत. म्हणून त्यांनी उंबऱ्याशी एक नारळाची करवंटी ठेवली होती. चपला बाहेर काढायच्या आणि छातीवरचा बिल्ला करवंटीत टाकायचा. भाषेच्या आंदोलनात तर कोंकणीवाले आणि मराठीवाले तिथे एकाच बाकावर बिल्ल्याशिवाय बसायचे आणि एकाच भाषेत एकमेकांना शिव्या घालायचे.

एकदा निवडणुकीच्या दिवसांत एक कार्यकर्ता घाईत होता. अर्ज घेतला, करवंटीत हात घातला, बिल्ला लावला आणि निघाला. दुपारभर तो भलत्याच पक्षाच्या मंडपात बसून भजी खात होता. कोणाला काहीही वावगं वाटलं नाही. संध्याकाळी बायकोने विचारलं तेव्हा त्याला कळलं, आणि तोवर त्या पक्षाने त्याला वाड्याचा प्रमुखही नेमून टाकला होता. त्याने तो मान ठेवून घेतला. पुढे आमदारांनी जे केलं ते आमच्या वाड्यावर आधीच करून झालं होतं, असं मी अभिमानाने सांगतो.

डिचोलीत सगुणभाऊंच्या साहेबाला सगळे हसायचे. हसत नसे ते एकच माणूस, त्यांची बायको प्रेमावतीवहिनी. वहिनी गोव्यातल्याच चोपड्याच्या, नदीकाठच्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या. रोज संध्याकाळी दिवा लावला की त्या विचारत, "आज साहेब काय म्हणालो?" आणि सगुणभाऊ सांगत. लग्नानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात वहाळाच्या पाण्यात त्यांचा पाय घसरला, गुडघा दुखावला. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "साहेबाक सांगा, वहाळार एक साकव घालूक." वर्षभरात साकव झाला. वहिनी पहिल्यांदा त्यावरून गेल्या त्या चपला हातात घेऊन. राष्ट्रपतींनी बांधलेल्यावर चपलेने कसं जायचं? तेव्हापासून गावभर त्यांनी सांगून ठेवलं होतं की माझ्या घोवाने राष्ट्रपतीला सांगून साकव घातला.

मग गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला. बाजारात फटाके, पेढे, गुलाल. सगळे पक्ष एकाच वेळी सांगत होते की हे आम्हीच आणलं. मी पेढा घेऊन सगुणभाऊंकडे गेलो. ते ओसरीवर दाढी न करता बसले होते, घरात कोणी गेल्यासारखे. फोटो तेवढा जागेवर होता.

"खावा तुमीच," ते म्हणाले. "आता कंत्राटात राज्यपालाचा नाव येतला. साहेब गेलो."

मी समजूत घातली. राज्यपालसुद्धा राष्ट्रपतीच नेमतात, म्हणजे साहेबांचाच माणूस. सगुणभाऊ इकडे तिकडे पाहून आवाज खाली आणून म्हणाले, "मास्तर, तुमका एक सांगतंय. तो साकव आधीपासून यादीत होतो. मी खंय कोणाक सांगलंय? मी नुसतो टायप केलंय. पण तिका वाटता मीच साहेबाक सांगलंय. आता रोज सांजेक ती इचारतली. तिका काय सांगू?"

मी पेढा खिशात घातला. इतकी वर्षं मी या माणसाला हसलो होतो, याची तेव्हा मला खरोखर लाज वाटली.

दोनेक महिन्यांत राष्ट्रपतींची निवडणूक आली आणि मला एक युक्ती सुचली. मी सांगितलं, "सगुणभाऊ, आजवर आपल्या आमदाराला राष्ट्रपती निवडायला मत नव्हतं. आता राज्य झालं, म्हणून आहे. मोठ्या राज्याच्या आमदारापुढे त्याच्या मताचं मोल फुटाण्याएवढं, पण आहे." त्यांनी कपाटातून राज्यघटनेची प्रत काढली, चष्मा लावला, बोटाने ओळ शोधली. बराच वेळ वाचत राहिले. मग उठले आणि दाढीचं पाणी तापत ठेवलं. "म्हणजे आजवर तो आमचो साहेब. आता आमी तेका नेमतलो. मगे हाल-हवाल कळवूक होयोच मू?"

त्या दिवसापासून दर महिन्याला दिल्लीला पत्र जाऊ लागलं. कडक सरकारी इंग्रजी, डावीकडे समास सोडून, खाली "आपला नम्र". साकवाची तब्येत, पोर्तुगीज काळातल्या रस्त्यावरून धावणारे खनिजाचे ट्रक, त्यांची उडणारी लाल धूळ, पोदेराच्या भट्टीतल्या पावाचा घटलेला आकार. मला वाटलं, चार महिन्यांत थकतील. ते थकले नाहीत, आणि दिल्लीहून उत्तरं येऊ लागली! अशोकस्तंभाचा लिफाफा आला की पोस्टमन सायकलची घंटी साकवापासूनच वाजवायचा.

नव्वदच्या आसपास गोव्यात सरकारं अशी बदलू लागली की सकाळी मासळी आणायला गेलेला माणूस घरी येईपर्यंत मुख्यमंत्री दुसरा. करवंटी भरून वाहू लागली. बिल्ले कोणाचे, हे खुद्द आणणाऱ्यांनाही ओळखता येईना. शेवटी राष्ट्रपती राजवट लागली. सगुणभाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला, करवंटी उपडी केली आणि बाजारातून छाती काढून फिरले. "मी लिवलंय तेका," एवढंच ते म्हणत, आणि पुढचं ऐकणाऱ्यावर सोडत.

सेवानिवृत्तीनंतरही पत्रं थांबली नाहीत. एकुलती एक मुलगी बांद्याला दिलेली, कचेरी सुटलेली, अर्ज लिहून घ्यायला येणारे लोक आता झेरॉक्सच्या दुकानात जाऊ लागलेले. ओसरीवरचं बाक रिकामं असायचं. अशाच एका संध्याकाळी मी गेलो तेव्हा लिफाफा नुकताच आला होता. वहिनींनी दिवा लावला, चहा ठेवला आणि समोर पाटावर बसल्या. सगुणभाऊ वाचू लागले.

"साहेब लिवता, तुमचा पत्र मेळला. साकव बरो आसा ह्या वाचून समाधान वाटला. पोदेरावर लक्ष ठेवा. आनी वयनीच्या गुडघ्याचा दुखणा कसा आसा? तिळाच्या तेलान चोळूक सांगा. थंडीत भायर धाडू नकात."

मी त्यांच्या मागेच बसलो होतो. चष्मा घालूनच बसलो होतो, हे माझं दुर्दैव. कागदावर छापील दोन ओळी होत्या. आपले पत्र मिळाले, आभारी आहोत. खाली कोणा अधिकाऱ्याची रबरी शिक्क्याची सही. त्या दोन ओळींवर सगुणभाऊ बोट फिरवत अख्खं पान वाचत होते, मध्ये थांबत होते, एकदा तर "अक्षर लागत नाय" म्हणून कागद दिव्याजवळ धरला. वहिनी मान डोलवत होत्या.

निघताना वहिनी मला पायरीपर्यंत सोडायला आल्या. गुडघ्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "साहेबांना तुमची बरीच काळजी आहे."

"मास्तर," त्या हळूच म्हणाल्या, "माका वाचूक येणा नाय. पण कागद दोन वळींचो काय पानभर, ता माका दिसता. पयल्या पत्रापासून दिसता."

त्यांनी आत ओसरीकडे पाहिलं.

"वाचूंदेत तेंका. आता ऐकूक तेंका दुसरा कोण आसा?"

आतून सगुणभाऊंची हाक आली. "गो, खंय गेलंस? साहेबाचो ताजा कलम रवलो मगे!"

"इलंय, इलंय," म्हणत वहिनी वळल्या आणि दुखरा गुडघा धरून होईल तेवढ्या लगबगीने आत गेल्या. "काय लिवलाय साहेबान?"