चैतरामचं नाक उघडलं त्याची हकिकत

जुनाट सर्दी हा आजार नसून चांगल्या शेजाऱ्याचं लक्षण आहे, हे आधी मान्य करावं लागेल. शास्त्र धूळ, धूर, वाकडं हाड अशी कारणं देतं. देऊ द्या. बालाघाटात चैतरामच्या गल्लीनं दही हे एकमेव कारण सर्वानुमते ठरवलेलं आहे (चैतराम दही खात नाही, पण त्याला गल्ली काय करणार).

चैतरामचं नाक कित्येक वर्षं चोंदलेलं. उपचारांत कसूर नव्हती. ओव्याची पुरचुंडी झाली, सरसोंचं तेल झालं, बैहरहून आणलेली मुळी झाली. नाकात टाकायच्या थेंबांची बाटली तर गल्लीत प्रत्येकाच्या खिशात असायची.

याच काळात त्याच्या पोरीला, समीक्षाला, बघायला पाहुणे येत. पोरगी शिकलेली, हसरी. पण पाहुणे गल्लीच्या कोपऱ्यावर उतरले की रुमाल काढत, अर्धा चहा टाकून "विचार करून कळवतो" म्हणत आणि पसार होत. पोरीचा रंगच सावळा, अशी हळहळ गल्लीनं केली. चैतरामलाही पटलं. समीक्षा मुकाट्यानं तोंडाला बेसन लावू लागली.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "रोज थेंब टाकून टाकूनच नाक चोंदतं. बाटली बंद करा." औषध बंद करणारा डॉक्टर गल्लीला कच्चा वाटला. चैतरामनं मात्र ऐकलं.

काही दिवसांनी नाक उघडलं. बाजारातून येताना तो कोपऱ्यावर थबकला. समोर लग्नाच्या जेवणावळीतलं नासलेलं अन्न, मच्छीची घाण आणि एक फुगलेलं डुक्कर असा उकिरडा होता (प्रत्येक घर थोडं थोडंच टाकतं, त्यामुळे तो कोणाचाच नाही). त्याला पाहुण्यांचे रुमाल आठवले. मग बेसनानं माखलेलं पोरीचं तोंड आठवलं, आणि त्याला भडभडून आलं.

"अरे, हा ढिगारा उचला ना! याच्यापायी माह्या पोरीची सोयरीक मोडून राह्यली!"

"कोणता ढिगारा?" शेजारच्या खेमराजनं विचारलं. त्याची सायकल त्याच ढिगाऱ्याला टेकवलेली होती.

रीतसर बैठक झाली. वास येणाऱ्यांची संख्या एक भरली. सबब, चैतरामनं थेंब पुन्हा सुरू करावेत, असा ठराव झाला. बाटलीही तिथंच त्याच्या खिशात कोंबण्यात आली. मुलगा बंद नाकाचाच बघावा, असंही ठरलं.

"लामत्याले आहे ना एक," खेमराज म्हणाला. "बारमाही सर्दी!"

लामता गावचा मुलगा आला. त्यानं चहा संपवला, वर दुसरा मागितला. मुलगी पसंत. गल्ली पेढ्याला धावणार, तोच समीक्षा म्हणाली, "मले नाही करायचं."

"काहून व माय?"

"मले तर पहिलेपासूनच वास येते, बाबा. पण तुम्ही सगळे माह्या रंगाचंच बोलत होते."

चैतरामला तोंड लपवायला जागा उरली नाही. तो तसाच उठला, कोपऱ्यावर गेला आणि खिशातली बाटली त्यानं त्वेषानं ढिगाऱ्यावर भिरकावली (ढिगारा तेवढा वाढला).

गल्लीत अजून दोन-तीन मुली लग्नाच्या आहेत. तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर असलं काहीच नाही म्हणता? कसला म्हणून वास येत नाही? वा! मग तुमच्या घरी लग्नाचा मुलगा असेल तर जरूर कळवा. आम्हाला नेमका तसाच हवा आहे.