चिमूटभर साखर

दुसरा पापड मोडताना लॉ कॉलेजचे डीन डॉ. सावळीराम गांगुर्डे यांनी बायकोला विचारलं, "हे कुठून आणलेस?"

"आणले नाहीत, आले. तुमच्या कॉलेजातला संघर्ष देऊन गेला," रोहिणीताई म्हणाल्या. "नागलीचे आहेत. कळवणहून त्याच्या आजीनं डबाभर पाठवले. निम्मे शेजारी दिले."

डीनसाहेबांचा घास तोंडातच थांबला. संघर्ष परीक्षेच्या हॉलमध्ये मोबाइलसकट सापडला होता आणि शनिवारी त्याची चौकशी त्यांच्याच पुढे होती.

तरुणपणी ते तालुक्याला वकिली करत. एका पक्षकाराने न्यायाधीशाच्या घरी कांद्याची गोणी उतरवलेली त्यांनी पाहिली, तेव्हा संतापून वकिली सोडली आणि नाशिकला येऊन कायदा शिकवू लागले. न्याय देणाऱ्याने पक्षकाराच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये, हे ते प्रत्येक वर्गाला पहिल्याच तासाला सांगत. त्या जोरावर ते डीन झाले होते. आणि आता पोटात दीड पापड होता.

"आरोपी आहे तो," ते ओरडले.

"मला काय माहीत? कॉलेजच्या भानगडी घरात बोलायच्या नाहीत, हा नियम तुमचाच."

सकाळी डबा हॉस्टेलवर परत गेला. पण आलेलं भांडं रिकामं पाठवायचं नसतं, म्हणून रोहिणीताईंनी त्यात बेसनाचे लाडू भरले होते. संघर्षने तो गावी पाठवला. कळवणलाही हीच रीत असल्यामुळे दोन दिवसांत डबा शेंगदाण्याच्या चटणीसह हजर झाला. सोबत निरोप होता, लाडू लय भारी.

चटणी वॉचमनकडे गेली. डीनसाहेबांनी डबा स्वतः घासला आणि तो रिकामाच जाईल असं बजावलं. आपण वळण नसलेल्या घरातून आलेलो नाही, असं रोहिणीताईंनीही तितक्याच जोरात सांगितलं. तासभर भांडण चाललं. शेवटी साहेबांनीच चिमूटभर साखर डब्यात टाकली आणि झाकण असं आपटलं की त्याला पोचा आला.

शुक्रवारी दुपारी कॉलेजच्या पायऱ्यांवर संघर्षच्या आजी नवसाबाई उभ्या होत्या. हातात तोच पोचा आलेला डबा. आजूबाजूला प्राध्यापक आणि निम्मा वर्ग.

"साहेब, तुमच्या घरून साखर आली तव्हाच कळलं, पोरगं सुटलं. गावात पेढे वाटले. हे तुमचे."

डीनसाहेबांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "आजी, चौकशी उद्या आहे. अजून कोणी सुटलेलं नाही."

"मंग साखर कशाची व्हती?"

मागे कोणीतरी हसलं. साहेबांनी वळून सगळ्या वर्गाला झापलं, नवसाबाईंना पेढ्यांसकट परत पाठवलं आणि केबिनचं दार लावून घेतलं. आपण आता या प्रकरणात निःपक्षपाती राहिलेलो नाही, असं कळवून त्यांनी चौकशी उपप्राचार्य निकिता आहेर यांच्याकडे सोपवली. निकिता त्यांचीच जुनी विद्यार्थिनी होती. आयुष्यात प्रथमच ते न्यायाच्या खुर्चीवरून उठले होते.

सोमवारी निकिता मॅडमनी निकाल सांगितला. मोबाइल बंद होता, पण नियम तो नियम. एक पेपर रद्द.

"योग्य केलंत," साहेब म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "डबा?"

"निकालानंतर आजींनी माझ्यापुढे धरला, सर. नातवाचा पेपर गेला तरी. भाजलेल्या शेंगा होत्या. नको म्हटलं तर ऐकेनात. शेवटी शेंगा स्टाफरूममध्ये ओतल्या, डबा धुतला आणि परत दिला."

"त्यात काय घालून?"

"काही नाही. रिकामाच. तुम्हीच शिकवलंत ना, सर."

डीनसाहेबांचा चेहरा लालबुंद झाला. टेबलावर हात आपटून ते उभे राहिले.

"म्हातारी कळवणहून आली होती, मॅडम. काही रीतभात? चिमूटभर साखर तरी घालायची."