सीलबंद पाकिटाला आवकचा शिक्का

टपालात आलेलं पाकीट तसंच टेबलावर टाकण्यापेक्षा नीट उघडून ठेवावं, एवढाच विचार त्या सकाळी आवककाकांनी केला. (मोठी संकटं मोठ्या विचारांतून येत नाहीत. मोठा विचार करायला वेळ लागतो, तोवर संकट कंटाळून दुसऱ्या घरी जातं.)

आवककाका म्हणजे पाणीपुरवठा कार्यालयाच्या आवक विभागात एकतीस वर्षं घासलेला माणूस. आलेलं पत्र उघडायचं, उजव्या कोपऱ्यात ‘आवक, पाणीपुरवठा’ असा जांभळा शिक्का हाणायचा, क्रमांक घालायचा, वहीत नोंद करायची आणि पुढं ढकलायचं. पत्रात काय लिहिलंय ते त्यांनी एकतीस वर्षांत एकदाही वाचलं नाही. वाचायला दुसरा विभाग होता. निवृत्त झाले तेव्हा कार्यालयानं त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, आणि जुना शिक्का त्यांनी आपला आपणच भेट घेतला. तेव्हापासून घरात आलेला एकही कागद शिक्क्यावाचून सुटला नाही. विजेचं बिल असो, लग्नाची पत्रिका असो, नाहीतर मिक्सरचं माहितीपत्रक, सगळ्यांना क्रमांक.

त्यांची बायको शिवणकाम करायची. गल्ली तिला टेलरबाई म्हणायची. सातवीत सुटलेली शाळा तिनं पंचेचाळिसाव्या वर्षी होती तिथून उचलली, आणि बावन्नाव्या वर्षी गणिताच्या पदवीची दोन वर्षं पुरी केली. बसनं दोन तास जायचं, संध्याकाळच्या वर्गाला बसायचं, दोन तास परत. मापं घेता घेता बाईला गणिताची गोडी लागली, असं लोक म्हणत. खोटं आहे. गणिताची गोडी आधीपासूनच होती. हाताला फक्त मापं लागली.

आता जुन्या विद्यापीठानं संध्याकाळचे वर्गच बंद केले. घराच्या गच्चीवरून ज्याचा मनोरा दिसतो त्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला बदली मिळाली तर ठीक, नाहीतर दोन वर्षांची पायपीट पाण्यात. टेलरबाईनं कुणाला न विचारता मोबाइलवर अर्ज भरला.

“सुटलीस एकदाची,” काका म्हणाले.

“सुटले कसली? अर्ज भरणं म्हणजे कापड कापणं. शिवण पुढेच आहे.”

रोज सकाळी मशीनवर बसण्याआधी ती विद्यापीठाचं पान उघडून अर्जाची नाडी बघायची. पाच रकाने होते. चारांपुढं हिरव्या अक्षरांत ‘प्राप्त’. पाचवा गुणपत्रकाचा, त्यापुढं ‘प्रतीक्षेत’. ते जुन्या विद्यापीठाकडून सीलबंद यायचं होतं आणि वीस तारखेपर्यंत, सील न मोडता, खिडकी क्रमांक चारवर द्यायचं होतं. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती : ‘अर्जदाराने अथवा नातेवाइकांनी वैयक्तिक पाठपुरावा करू नये.’

ती ओळ काकांच्या जिव्हारी लागली. “पाठपुराव्याशिवाय कधी कागद हलतो का? वारा आला तरच!”

सतरा तारखेला पाकीट आलं. टेलरबाई कुणाच्या तरी घरी मापं घ्यायला गेली होती. पाकिटावर लाखेचं सील, त्याखाली ठळक अक्षरांत ‘उघडू नये’. पण वाचणं हे काकांचं खातंच नव्हे! त्यांनी सुरीनं पाकिटाची कड सुबक कापली, गुणपत्रक काढलं, उजव्या कोपऱ्यात शिक्का हाणला, क्रमांक घातला, वहीत नोंदवलं. मग कापलेली कड फेकताना लाखेचा तुकडा बोटाला लागला, आणि तेव्हा कुठं त्यांनी तो मजकूर वाचला. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच वाचलं, तेही वेळ गेल्यावर.

माणसानं अशा वेळी बायकोची वाट बघावी. काकांनी डिंक आणला. पाकीट चिकटवलं, इस्त्री फिरवली आणि थेट खिडकी क्रमांक चार गाठली.

खिडकीतल्या बाईंनी पाकीट उजेडात धरलं. “काका, हे उघडलंय.”

“उघडलंय, पण वाचलेलं नाही. एकतीस वर्षांत मी एकही—”

“सील कुठंय?”

“सील होतं अशी वहीत नोंद आहे. वही आणू?”

“आणि आतल्या कागदावर हा शिक्का कुणाचा? पाणीपुरवठा?”

“तो… तो चांगल्या स्थितीत मिळाल्याचा.”

खिडकीतल्या बाईंनी समोरच्या संगणकावर दोनच बोटं आपटली. काका घरी पोचायच्या आत टेलरबाईच्या मोबाइलवर पाचवा रकाना लाल झाला : ‘गुणपत्रक : अवैध’.

काका चपला काढत होते.

“कुठं गेला होतात?”

“जरा पाय मोकळे करायला.”

“पाय मोकळे करायला माझं गुणपत्रक घेऊन?”

काकांनी वहीच पुढं केली. आयुष्यभर कुणी जाब विचारला की ते वही पुढं करत आले होते. टेलरबाईनं नोंद वाचली, वही मिटली आणि कापायची कात्री टेबलावर ठेवली. (काकांना ती ठेवलेली बघूनच बरं वाटलं.) ती रडली नाही की ओरडली नाही. सकाळची पहिली बस किती वाजता, एवढंच तिनं पाहिलं.

जुन्या विद्यापीठातला कारकून म्हणाला, “दुसरी प्रत पंधरा दिवसांनी.”

“बसते,” टेलरबाई म्हणाली.

“पंधरा दिवस?”

“काम घेऊन आलेय.” आणि तिनं त्याच्या टेबलासमोरच्या बाकावर पिशवीतले शर्ट काढून काजं करायला घेतली. जेवणाच्या सुट्टीत बसली, सुट्टी संपली तरी बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या बसनं येऊन त्याच बाकावर. सातव्या शर्टाला तिनं मान वर केली.

“तुमच्या बाहीचं बटण लोंबतंय. द्या इकडं.”

“राहू द्या हो बाई!”

“साहेबांसमोर पडेल. द्या.”

बटण लावून होईस्तोवर प्रत निघाली होती. सहीसुद्धा झाली, लाखसुद्धा तापली. सील थंड होईपर्यंत तिनं पाकिटावरून नजर हलवली नाही. येताना ते मापाच्या वहीत घालून पदराखाली धरलं आणि वीस तारखेला खिडकी क्रमांक चार उघडायच्या आधीच तिच्यासमोर उभी राहिली. पाचवा रकाना हिरवा झाला.

घरी येऊन तिनं नवऱ्याला समोर बसवलं.

“आजपासून विद्यापीठाचं कुठलंही पाकीट आलं, तर त्याला हात लावायचा नाही. उघडायचं नाही. शिक्का मारायचा नाही. त्याविषयी कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही, माझ्याशीसुद्धा! कळलं?”

“लेखी देतेस का?”

तिनं मापाच्या वहीचा कागद फाडून लेखी दिलं. काकांनी त्यावर आवकचा शिक्का मारून तो कपाटाला चिकटवला.

पुढं पान ‘विचाराधीन’ झालं आणि महिनाभर विचारच करत बसलं. मग एका सकाळी बदललं : ‘निर्णय टपालाने कळवला आहे.’

“अहो, निर्णयाचं पत्र आलं का?” ती रोज विचारायची.

“निर्णयाचं म्हणून काही आलेलं नाही,” काका रोज सांगायचे. यात तसूभर खोटं नव्हतं. पाकीट बंद होतं, आणि बंद पाकिटात निर्णय आहे की आणखी काही, हे न उघडता कसं सांगणार?

असे सहा दिवस गेले. सातव्या दिवशी दुपारी साडेचारला टेलरबाईनं पान उघडलं. तांबडी अक्षरं : ‘प्रवेश मंजूर. स्वीकृती अप्राप्त. अंतिम मुदत : आज सायंकाळी पाच.’

मशीनचं चाक थांबलं. “अहो! विद्यापीठाकडून काही आलं होतं?”

काकांनी कपाटावरच्या कागदाकडं पाहिलं. “मला बोलायची बंदी आहे.”

“बोला!”

“लेखी उठव.”

“बोलता की कात्री घेऊ?”

काकांनी मुकाट्यानं वर बोट केलं. कपाटाच्या माथ्यावर पाकीट होतं आणि शेजारी सांडशी. आठवड्यापूर्वी हात न लावता त्यांनी ते सांडशीनं उचलून वर नेऊन ठेवलं होतं. एवढा आदेश पाळणारा माणूस साऱ्या पाणीपुरवठ्यात दुसरा नव्हता.

ती स्टुलावर चढली, पाकीट दातांनी फाडलं, स्वीकृतीपत्रावर सही ठोकली. मग दोघं रस्त्यानं धावत सुटली. तिच्या गळ्यात मापाची फीत, त्यांच्या हातात सांडशी. (ती खाली ठेवायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.)

पाचला सहा मिनिटं कमी असताना खिडकी क्रमांक चार. खिडकीतल्या बाईंनी कागद घेतला, शिक्का उचलला, दाबला. कागद कोराच. पुन्हा दाबला.

“शाईची गादी वाळलीय. नवी भांडारात, आणि भांडार साडेचारला बंद. उद्या या.”

“उद्या मुदत कुठंय?” टेलरबाईचा आवाज पहिल्यांदा हलला.

काकांनी खिशात हात घातला. एकतीस वर्षं डाव्या खिशात असायचा तो पत्र्याचा चपटा डबा निघाला. आत शाईची गादी, ओली, जांभळी. शिक्का बसला, वेळ पडली : चार अठ्ठावन्न.

परतताना काकांची छाती सदऱ्यात मावेना. “बघितलंस? शेवटी माझ्या शाईवर झाला तुझा प्रवेश. माझ्या शाईवर!”

तिनं फक्त त्यांच्या हातातली सांडशी काढून घेतली.

पहिल्या वर्गाच्या आदल्या संध्याकाळी ती मशीन झाकून त्यावर गणिताची पुस्तकं मांडून बसली. काका दोनदा दारातून डोकावले, तिसऱ्यांदा आत आले.

“अगं, घोटभर चहा मिळेल का? प्रवेश मिळवून दिलाय म्हटलं.”

टेलरबाईनं मान वर न करता ड्रॉवर उघडला, आवकचा शिक्का काढला, काकांचा पुढं आलेला तळहात धरला आणि मधोमध हाणला.

“आवक क्रमांक एक. विचाराधीन.”

“अगं पण, कधीपर्यंत?”

“नातेवाइकांनी पाठपुरावा करू नये,” ती म्हणाली आणि तिनं पान उलटलं.