अर्धी बैठक यंत्राची

"आकडे गेले कुठं?" भगवंतराव गच्चीवरून ओरडले.

"वाहून गेले," इंदूबाई म्हणाल्या. "येवढा लांब कागद बेकार पडला होता. ओल्या कुरड्या टाकल्या त्याच्यावर."

कागद बेकार नव्हता. होणारे जावई देवीदास मुंबईला गणकयंत्रावर नोकरीला. जठारपेठेतल्या या घराच्या बैठकीसाठी त्यांनी यंत्राकडून शून्य-एकाचे, कसलाही क्रम नसलेले आकडे छापून घेतले होते. प्रत्येक फरशीच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर एकेक कमान. शून्य आलं की फरशी सरळ, एक आला की पाव वळसा देऊन. मग कमानी जुळत जुळत रेघा मनाला येईल तशा खोलीभर हिंडणार. परवा रविवारी देवीदास ते पाहायला आणि त्यांचे वडील लग्नाची तारीख धरायला अमरावतीहून येणार होते. झाली होती फक्त अर्धी बैठक.

"पोरीचं लगन वाळत घातलं तुमी!" भगवंतराव बायकोवर कडाडले.

"मी लावतो ना अंदाजानं," नत्थुजी मिस्त्री म्हणाले.

"तुमचा अंदाज मले मालूम हाये. सगळे गोलच गोल," म्हणत इंदूबाईंनी कवड्या आणल्या. "यंत्राले तरी कुठं अक्कल हाये? उताणी पडली का शून्य, पालथी पडली का एक."

दारात बसून त्या कवड्या फेकत राहिल्या. नत्थुजींनी एक फरशी मनानं फिरवली, ती इंदूबाईंनी उखडायला लावली.

रविवारी देवीदास पहिल्याच अर्ध्यात वाकले. "इथं कुणी हात घातलाय. इतके नेटके गोल यंत्र काढत नाही."

"रेघ गोल होता होता हुकून राहिली होती, साहेब," नत्थुजी पुटपुटले. "मले पाहवलं नाई. जराशी सुधरवली."

भगवंतरावांना घाम फुटला. जिथं यंत्र होतं तिथंच चोरी पकडली. पुढं तर यंत्रच नव्हतं! देवीदास खिडकीकडच्या अर्ध्यात गेले, रेघांवरून बोट फिरवत राहिले.

"वा! हे अस्सल यंत्राचं काम. माणसाच्या डोक्यातून असं निघणंच शक्य नाही."

हे कौतुक कुठं ठेवावं ते न कळून इंदूबाईंनी त्यांना आणखी पोहे वाढले.

"पोराले पसंत हाये ना? मंग धरा तारीख," वडील पंजाबराव म्हणाले. तारीख धरली.

"मामा, एक काम होतं," देवीदास निघताना म्हणाले. "ही नक्षी यंत्राकडून कागदावर रेघांनी काढून साहेबांना दाखवायची आहे. या अर्ध्याचे आकडे परत द्याल?"

भगवंतरावांना ठसका लागला.

"कागद कायले पाह्यजे?" इंदूबाई म्हणाल्या. "जमिनीवर लिवलंच हाये. उतरून घ्या."

नवरदेव दोन तास बैठकीत रांगत होते. महिन्याभरानं मुंबईहून पत्र आलं. यंत्रानं नक्षी हुबेहूब काढली होती, आणि साहेबांनी ती चौकटीत बसवून, यंत्राच्या बुद्धीचा नमुना म्हणून, भिंतीवर टांगली होती.